८०८५ चं किट १२८४पी चिपवर: वेगाच्या नोंदी

७ जून

आमच्या डिप्लोमा कॉलेजच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये ८०८५ (इंटेलचा जुना मायक्रोप्रोसेसर) शिकवायची किट्स एकेक करून मान टाकताहेत. जी चालू आहेत त्यांत कुठे डिस्प्लेचा एक सेगमेंट गेलाय, कुठे कीपॅडवर ‘५’ दाबला की दोनदा उमटतो. नवं किट हजारांत जातं आणि मंजुरी येईपर्यंत सत्र संपतं. म्हणून जुन्या चिपचं काम एका साध्या मायक्रोकंट्रोलरकडून करून घ्यायचं, म्हणजे ८०८५ चं एम्युलेशन करायचं ठरवलं. पुण्यात आणि बाहेरही अशा बऱ्याच लॅब असतील. त्यांना उपयोग व्हावा म्हणून काय बिघडलं, काय केलं, किती पैसे गेले ते इथे लिहिते.

अटी तीन. मुलांच्या जर्नलमधला प्रोग्राम एकही बाइट न बदलता चालला पाहिजे. कपाटातली इंटरफेस कार्डं (ट्रॅफिक लाइट, स्टेपर मोटर, आकड्याचं व्होल्टेज करणारं डीएसी) एफआरसी केबलने तशीच लागली पाहिजेत. आणि वेळ बरोबर आली पाहिजे. मोबाइलवरचे सिम्युलेटर पहिली अट पाळतात, बाकीच्या दोन नाहीत.

तिसऱ्या अटीवर माझा सगळ्यात जास्त भर आहे. किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. ८०८५ आतमध्ये त्याचे दोन भाग करतो, म्हणून एक टी-स्टेट (त्याच्या क्लॉकचा एक ठोका) ३.०७२ मेगाहर्ट्झच्या हिशेबाने. मुलं वहीत हा डिले लूप लिहितात:

एलएक्सआय बी, एफए००
पुन्हा: डीसीएक्स बी
मूव्ह ए, सी
ओआरए बी
जेएनझेड पुन्हा

एका फेरीला ६ + ४ + ४ + १० = २४ टी-स्टेट. एफए०० म्हणजे ६४,०००. गुणाकार १५,३६,०००, भागिले ३.०७२ मेगाहर्ट्झ: बरोबर अर्धा सेकंद. हे गणित वहीत मांडायचं आणि समोर एलईडी अर्ध्या सेकंदाने लागताना बघायचा, यासाठीच तर हे प्रॅक्टिकल आहे. एलईडी भलत्याच वेगाने लागला तर मुलांचा गणितावरचा विश्वास उडतो.

९ जून

पहिला प्रयोग हाताशी असलेल्या अर्डुइनो उनोवर, सी भाषेत. एक मोठा स्विच, प्रत्येक ऑपकोडला (सूचनेच्या आकड्याला) एक केस, मेमरी वाचायला-लिहायला फंक्शन, प्रत्येक बेरीज-वजाबाकीनंतर पाचही फ्लॅग (उत्तर शून्य आलं का, हातचा आला का अशा खुणांचे बिट) काढून ठेवायचे. दोन संध्याकाळींत प्रोग्राम चालायला लागला, उत्तरं बरोबर.

वेळ मात्र नाही. अर्ध्या सेकंदाचा एलईडी जवळजवळ पावणेदोन सेकंदांनी बदलत होता.

उनो १६ मेगाहर्ट्झवर चालतो. ३.०७२ ने भागलं तर एका टी-स्टेटला उनोचे पाच क्लॉक (ठोके) आणि थोडं वर. वरच्या लूपच्या एका फेरीला २४ टी-स्टेट, म्हणजे आपल्याकडे १२५ क्लॉक. सी मधल्या कोडला त्याच फेरीला ४३७ लागत होते, सूचनेमागे ११० च्या आसपास. मूळ काम (एका रजिस्टरचं दुसऱ्यात टाकणं) एका क्लॉकचं आहे. बाकीचे शंभर-सव्वाशे ऑपकोड ओळखण्यात, फंक्शनमध्ये जाण्या-येण्यात आणि कुणी न मागितलेले फ्लॅग काढण्यात जातात. ‘होस्ट (एम्युलेशन चालवणारी चिप) पाचपट वेगवान आहे ना, मग झालंच’ हा हिशेब एम्युलेशनमध्ये टिकत नाही. पाचपट क्लॉक इंटरप्रिटरच्या (एकेक सूचना वाचून ती पार पाडणाऱ्या प्रोग्रामच्या) नुसत्या येरझारांत संपतात.

उनोची रॅमही २ केबीच. किटवर मुलांना २००० हेक्सपासून ८ केबी मिळते.

१४ जून

दोन दिवस फक्त चिप निवडण्यात गेले, आणि तो वेळ मला योग्यच वाटतो.

सहकाऱ्यांचा सल्ला होता की रास्पबेरी पाय पिको घे, स्वस्त आहे आणि १२५ मेगाहर्ट्झवर चालतो. वेगाचा प्रश्न तिथे खरोखर मिटला असता. पण त्याचे पिन ३.३ व्होल्टचे. आमची कार्डं ५ व्होल्टच्या काळातली आहेत. ८२५५ (किटवरची पोर्टची चिप) च्या चोवीस लाइन्स, दोन्ही दिशांच्या, लेव्हल शिफ्टरमधून न्यायच्या म्हणजे बोर्ड किटपेक्षा गुंतागुंतीचा होतो आणि पुढच्या वर्षी दुरुस्त करायला कुणी नसतं.

म्हणून एटीमेगा१२८४पी. ५ व्होल्ट, चाळीस पायांचं डीआयपी पॅकेज (लॅबमधले मामा बेसमधून काढून बदलू शकतील असं), १६ केबी रॅम, १२८ केबी फ्लॅश, ३२ आय-ओ पिन, कमाल २० मेगाहर्ट्झ. ८२५५ ला २४ पिन, उरलेल्या आठांत सिरियलचे दोन, टीएम१६३८ च्या डिस्प्ले-कीपॅड मॉड्यूलला तीन, एसआयडी, एसओडी (८०८५ च्या स्वतःच्या सिरियल इनपुट-आउटपुट लाइन्स) आणि व्हीसीटी इंट की (चालू प्रोग्राम मध्येच थांबवून दुसरं रूटीन चालवणारी, म्हणजे इंटरप्टची). एकही पिन शिल्लक नाही.

एक रस्ता इथेच बंद होतो तेही नोंदवते. ॲपलचा रोझेटा किंवा क्यूईएमयू यांच्यासारखं पाहुण्या प्रोसेसरच्या (ज्याचं एम्युलेशन करायचं त्याच्या) कोडचं होस्टच्या कोडमध्ये भाषांतर करून ठेवायचं आणि तेच थेट चालवायचं, हा वेगाचा सगळ्यात मोठा उपाय. पण एव्हीआर चिप (१२८४पी त्याच कुळातली) रॅममधला कोड चालवूच शकत नाही, फक्त फ्लॅशमधला चालवते. प्रत्येक प्रोग्रामसाठी फ्लॅश नव्याने लिहायची तर तिची हमी १०,००० वेळांची. वर्गभर मुलं दिवसभर बाइट बदलत बसणार, तिथे हे चालणार नाही. म्हणजे इंटरप्रिटरच, पण असेंब्लीत.

२१ जून

पालख्या शहरात मुक्कामी, लक्ष्मी रोड आणि आसपासचे रस्ते बंद. तपकीर गल्लीतली (पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ) खरेदी पुढे ढकलली आणि घरी बसून असेंब्ली लिहिली.

८०८५ ची सगळी रजिस्टर्स एव्हीआरच्या रजिस्टर्समध्येच ठेवली, कारण एव्हीआरकडे ती ३२ आहेत. पाहुण्याचा प्रोग्राम काउंटर वाय पॉइंटरमध्ये. १२८४पी ची रॅम ०१०० हेक्सपासून सुरू होते आणि बरोबर १६ केबी आहे. किटचा मॉनिटर (कीपॅड-डिस्प्ले चालवणारा किटचा कायमचा प्रोग्राम) ०००० ते १एफएफएफ, मुलांची रॅम २००० ते ३एफएफएफ, तीही मिळून १६ केबी. म्हणून पाहुण्याच्या पत्त्याच्या वरच्या बाइटमध्ये एक मिळवला की होस्टचा पत्ता तयार! होस्टच्या स्वतःच्या स्टॅकला जागा उरत नव्हती, ती मॉनिटरच्या शेवटच्या २५६ बाइटांतून घेतली. (कंपनीचा ईपीरॉम मी वापरलेला नाही, मॉनिटर स्वतः लिहिलाय, त्यामुळे तो लहान आहे.)

आता ऑपकोडवरून योग्य जागी उडी. नेहमीची पद्धत म्हणजे २५६ उड्यांचा तक्ता: तक्त्यात जायचं, तिथून खऱ्या रूटीनमध्ये जायचं. ऑपकोड वाचायला २ क्लॉक, तक्त्यात उडी २, पुढची उडी २. मग लक्षात आलं की फ्लॅश १२८ केबी म्हणजे ६४ के शब्द, आणि ६४ के म्हणजे २५६ गुणिले २५६. ऑपकोड सरळ झेड पॉइंटरच्या वरच्या बाइटमध्ये वाचायचा, खालचा बाइट कायम ८० हेक्स ठेवायचा. मग प्रत्येक ऑपकोडचं रूटीन आपापल्या २५६ शब्दांच्या घरात राहतं आणि तक्ता लागतच नाही. वाचन २, उडी २, एकूण ४ क्लॉक. शून्याच्या घरात चिपचे इंटरप्ट व्हेक्टर असतात, पण ते ८० च्या आधीच संपतात. सगळी फ्लॅश विरळ पसरली जाते, मधल्या मोकळ्या जागेत मॉनिटर आणि तक्ते.

हे सुचलं तेव्हा फार आनंद झाला. या चिपच्या फ्लॅशचा आकार आणि ८०८५ च्या ऑपकोडची संख्या एकमेकांना इतकी चपखल बसते.

२४ जून

तपकीर गल्लीत जाऊन आले. १२८४पी ७४० रुपये, २० मेगाहर्ट्झ क्रिस्टल १५, टीएम१६३८ मॉड्यूल २२०, यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर २६०, आयसी बेस, झीरो पीसीबी, एफआरसी कनेक्टर वगैरे मिळून १८०. एकूण १,४१५. प्रोग्रॅमर एकदाच घ्यायचा, म्हणजे पुढच्या बोर्डाला ११५५.

नवी चिप लावल्यावर तीन गोष्टी अडल्या. तिन्ही फ्यूजच्या (चिपच्या आतल्या सेटिंगच्या बिटांच्या), आणि हे करणाऱ्या प्रत्येकाला त्या अडणारच.

चिप येते तेव्हा आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरला आठने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. क्रिस्टल लावलाय म्हणून ती त्यावर जात नाही, फ्यूज बदलावा लागतो. दुसरं, क्रिस्टलचे दोन पर्याय असतात, लो पॉवर आणि फुल स्विंग. लो पॉवर १६ मेगाहर्ट्झपर्यंतच. मी आधी तोच लावला. बोर्ड चालायचा, पण सिरियलवर प्रोग्राम पाठवायला लागलं की मध्येच गोंधळायचा. डीआयपी पॅकेजमध्ये सिरियलचा आरएक्स पिन (१४) क्रिस्टलच्या पिनला (१३) खेटून आहे, त्याच्या कडा क्रिस्टलमध्ये शिरतात. फुल स्विंग केल्यावर बंद झालं. एक अख्खी संध्याकाळ गेली.

तिसरं: पोर्ट सी चे मधले चार पिन मेलेले. चिप खराब आली असं वाटून दुकानात परत न्यायला निघालेच होते. पीसी२ ते पीसी५ हे पिन जेटॅगचे (चिप तपासण्याच्या जोडणीचे) आहेत आणि जेटॅग कारखान्यातून चालू असतो. तो फ्यूज बंद केला की पिन मोकळे.

२९ जून

वेग मोजला. पाहुण्याला मोकळा सोडला, कुठेही न थांबवता. एलईडीच्या लूपची एक फेरी: डीसीएक्स ९ क्लॉक, मूव्ह ८, ओआरए १२, जेएनझेड १६, एकूण ४५. सी मध्ये याच फेरीला ४३७ लागत होते. (या ४५ मध्ये टी-स्टेटचा हिशेब ठेवण्याचे सूचनेमागे ३ क्लॉक धरलेत.) खऱ्या ८०८५ च्या तिपटीहून जास्त वेग मिळाला.

दहापट फरक कुठून आला ते लिहिते. पहिला वाटा वरच्या उडीचा. दुसरा फ्लॅगचा. एव्हीआरच्या स्टेटस रजिस्टरमध्ये कॅरी, झीरो, निगेटिव्ह आणि हाफ कॅरी तयारच असतात, म्हणून बेरजेनंतर ते रजिस्टर उचलून ठेवायचं, एक क्लॉक. पॅरिटी (उत्तरातल्या १ ची संख्या सम आहे का) एव्हीआरकडे नाही. ती काढायचीच नाही, शेवटचं उत्तर फक्त जपून ठेवायचं. जेपीई, जेपीओ, पुश पीएसडब्ल्यू असं कुणी विचारलंच तर तेव्हा २५६ बाइटांच्या तक्त्यातून काढायची. मुलांच्या प्रोग्राममध्ये पॅरिटी क्वचित विचारली जाते, आणि सी मधला माझा कोड ती दर सूचनेला मोजत होता.

क्लॉकच्या बजेटबाहेर जाणारी सूचना मला एकच सापडली, डीएए (बीसीडी बेरीज दुरुस्त करणारी). तिला ४ टी-स्टेट आणि काम बरंच. आजूबाजूच्या सूचना भरपाई करतात.

३ जुलै

फ्लॅगची परीक्षा. ८०८५ च्या आधीच्या ८०८० साठीचा एक प्रसिद्ध एक्झरसायझर प्रोग्राम आहे. प्रत्येक सूचना असंख्य आकड्यांवर चालवून शेवटी सीआरसी (सगळ्या उत्तरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवतो. पूर्ण व्हायला सुमारे २,३८० कोटी टी-स्टेट लागतात, खऱ्या वेगाने दोन तासांहून जास्त. मोकळ्या वेगात तासाच्या आत झाला. दिवसातून अनेकदा चालवायचा असतो तेव्हा हा फरक फार जाणवतो.

दोन गोष्टी पकडल्या. एक, वजाबाकीतला ऑक्झिलरी कॅरी (एसी). ८०८५ वजाबाकी ही दुसऱ्या संख्येचा पूरक मिळवून करतो आणि एसी हा त्या बेरजेतला कॅरी असतो. एव्हीआर तिथे उसना दाखवतो. म्हणजे वजाबाकीत एव्हीआरचा एच (हाफ कॅरी) उलटा करून घ्यायचा. ‘सब ए’ केल्यावर फ्लॅगचा बाइट ५४ हेक्स यायला हवा, माझा ४४ येत होता. चालू असलेल्या किटवर सब ए, पुश पीएसडब्ल्यू, पॉप बी करून सी रजिस्टर बघितलं, ५४ च.

दुसरी, एएनए (अँड करणारी सूचना). इथे ८०८० आणि ८०८५ वेगळे वागतात: ८०८५ मध्ये एएनए नंतर एसी नेहमी १, ८०८० मध्ये तो आकड्यांवर अवलंबून. त्या चाचणीपुरता ८०८० चा नियम लावून सीआरसी जुळवला, मग ८०८५ चा परत आणला.

एक जुनी गोष्ट या निमित्ताने आठवते. १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी पीडीपी-१० संगणकावर ८०८० चा सिम्युलेटर लिहिला आणि अल्टेअर या संगणकासाठीचं बेसिक त्यावर तयार झालं, प्रत्यक्ष अल्टेअर समोर नसताना. तिथे उत्तर बरोबर आलं की काम झालं. आमचं तेवढ्यावर होत नाही, आमच्या पोर्टला मोटर जोडलेली असते.

९ जुलै

आता पाहुण्याला आवरायचं. तिप्पट वेगाने पळतोय, त्याला ३.०७२ वर आणायचा. गणित सोपं वाटलं. एका मिलिसेकंदात बरोबर ३०७२ टी-स्टेट. काउंटरमध्ये ३०७२ घालायचे, प्रत्येक सूचना आपले वजा करते, संपले की टायमरचा मिलिसेकंद पूर्ण होईपर्यंत थांबायचं, पुन्हा ३०७२.

एलईडी अर्ध्या सेकंदाला लागायला लागला. डिजिटल घड्याळाचा प्रोग्राम घालून बोर्ड रात्रभर चालू ठेवला. सकाळी घड्याळ मिनिटभर पुढे.

कारण: काउंटर नेमका शून्यावर संपत नाही. शेवटची सूचना थोडी पुढे जाते, सरासरी चार-पाच टी-स्टेट. मी दर वेळी कोरे ३०७२ घालत होते, त्यामुळे ते चार-पाच पाहुण्याला फुकट. तीन हजारांत साडेचार म्हणजे दिवसाला दोन मिनिटं. आता ३०७२ ‘घालायचे’ नाहीत, शिल्लक ऋण आकड्यात ‘मिळवायचे’. दुसऱ्या रात्रीनंतर मोबाइलशी सेकंद जुळले.

१२ जुलै

ही नोंद मोठी आहे, कारण या प्रकल्पाचं सार माझ्या मते इथे आहे.

स्टेपर मोटरचं कार्ड लावलं. मोटर फिरते, फेरीला लागणारा वेळ बरोबर, पण आवाज खडखडीत. मामा म्हणाले, “मॅडम, ही मोटर जुन्या किटवर अशी वाजत नाही.” त्यांनी तीच मोटर शेजारच्या किटला लावून दाखवली. तिथे एकसंध गुणगुण.

मग डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) आणला आणि १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह काढणारा प्रोग्राम लावला. पोर्ट ए वर १, पाचशे मायक्रोसेकंद थांबा, ०, पुन्हा पाचशे. स्क्रीनवर १ चा भाग १७० मायक्रोसेकंदांच्या आसपास आणि ० चा भाग उरलेला सगळा. मदतीला थांबलेला विद्यार्थी म्हणाला, “पण मॅडम, फ्रिक्वेन्सी तर एक किलोहर्ट्झच दाखवतोय.” दाखवतच होता. सरासरी बरोबर, आकार चूक.

पाहुणा ३०७२ टी-स्टेट मिलिसेकंदाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात उरकत होता आणि उरलेला वेळ गप्प बसत होता. रिक्षा सुसाट न्यायची आणि प्रत्येक सिग्नलला उभी राहायची, तसं. पोहोचायची वेळ बरोबर येते, आतल्या माणसाला मात्र हिसके बसतात. एलईडीला ते कळत नाही. मोटरच्या पाच मिलिसेकंदांच्या पावलात अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त पुढेमागे झालं की तिला कळतं.

प्रत्येक सूचनेनंतर थांबवणं हा सरळ उपाय, पण त्याला दर सूचनेमागे क्लॉक लागतात आणि डीएए सारखीला ते नाहीत. पण बाहेरच्या जगाला आतला वेग दिसतो तरी कुठे? फक्त आउट, इन (पोर्टसाठी), सिम आणि रिम (एसओडी-एसआयडीसाठी) या सूचनांमधून. मधल्या हजार सूचना पाहुण्याने कशाही वेगाने केल्या तरी चालतं, पोर्टला हात लावायच्या क्षणी मात्र घड्याळ जुळलेलं हवं. म्हणून आउटच्या रूटीनमध्ये: पाहुण्याच्या हिशेबाने या मिलिसेकंदात किती वेळ गेला ते काढा, टायमर तिथे पोहोचेपर्यंत थांबा, मग पिन बदला. आउटला १० टी-स्टेट मिळतात, त्यामुळे हे करायला जागा आहे.

इथे २० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आडवा आला. भागिले ३.०७२ म्हणजे ६.५१, अपूर्णांक. टी-स्टेटवरून टायमरचा आकडा काढायचा तर आउटमध्ये गुणाकार आणि भागाकार, वर शेष सांभाळायचा. मी तो कोड लिहिला, चाललाही. पण वाचताना मलाच दुसऱ्या दिवशी कळेना, आणि हा बोर्ड पुढे दुसरं कुणी सांभाळणार आहे.

१३ जुलै

१८.४३२ मेगाहर्ट्झ. ३.०७२ ची बरोबर सहापट. हा क्रिस्टल बाजारात मिळतो, कारण सिरियलचे वेग त्यातून नेमके निघतात (१,१५,२०० बॉडसाठी पूर्णांक भागाकार). तपकीर गल्लीत दोन दुकानांत नव्हता, तिसऱ्याने खणातून काढून दिला.

होस्ट आठ टक्के हळू झाला आणि काम सोपं झालं. टी-स्टेटला सहा क्लॉक, मिलिसेकंदाला १८,४३२. आता काउंटर टी-स्टेटमध्ये न ठेवता सरळ होस्टच्या क्लॉकमध्ये ठेवला: ४ टी-स्टेटची सूचना २४ वजा करते, ७ ची ४२, १० ची ६०. एव्हीआरची वजाबाकीची सूचना ६३ पर्यंतचा आकडा घेते, त्यामुळे मुलांच्या बहुतेक सूचना एकाच वजाबाकीत बसतात. १२, १३, १८ टी-स्टेटवाल्यांना दोन लागतात, त्यांच्याकडे वेळही आहे. आउटमध्ये गुणाकार नाही, फक्त १८,४३२ मधून शिल्लक वजा करून टायमरशी तुलना.

डीएसओवर ५०० आणि ५००. कड अर्ध्या मायक्रोसेकंदाने थरथरते, थांबण्याच्या लूपचं तेवढं अंतर. मोटर जुन्या किटसारखी गुणगुणली.

कुणी हे नव्याने करणार असेल तर क्रिस्टल आधी ठरवा. पाहुण्याच्या क्लॉकचा पूर्णांक पट मिळत असेल तर दोन मेगाहर्ट्झ कमी घ्या.

१९ जुलै

व्हीसीटी इंट की, म्हणजे आरएसटी ७.५. दर सूचनेनंतर ‘इंटरप्ट आला का’ विचारायचं तर पुन्हा क्लॉक. झेडचा खालचा बाइट ८० असतो हे वर लिहिलंय. की दाबली की होस्टचा इंटरप्ट तो बाइट सी० करतो. पुढचा ऑपकोड मग आपल्याच घरात ८० ऐवजी सी० च्या दाराने शिरतो आणि तिथे आरएसटी ७.५ कडे, म्हणजे ००३सी कडे जाण्याची उडी असते. की दाबलेली नसेल तेव्हा याचा खर्च शून्य. ईआय (इंटरप्ट चालू करणारी सूचना) नंतर एक सूचना जाऊ द्यायची असते, त्यासाठी ई० वर तिसरं दार.

चाललं, पण एकदाच. पहिल्यांदा की दाबली की मुलांचं रूटीन चालायचं, दुसऱ्यांदा काही नाही. रीसेट केलं की पुन्हा एकदाच. डिले, पोर्ट, डिस्प्ले सगळं ठीक, फक्त की मेलेली.

शोधायला जवळजवळ आठवडा गेला. मुलांचं रूटीन शेवटी पॉप पीएसडब्ल्यू करतं (जपून ठेवलेले फ्लॅग परत घेतं). त्यात मी पाहुण्याचे फ्लॅग एव्हीआरच्या रचनेत मांडून ठेवते. पुढे डीसीआर (एक वजा करणारी सूचना) आली की कॅरी जपण्यासाठी ते फ्लॅग एव्हीआरच्या स्टेटस रजिस्टरमध्ये परत घातले जातात. त्या रजिस्टरचा सातवा बिट म्हणजे होस्टचे इंटरप्ट चालू-बंद. पॉपने मांडलेल्या बाइटमध्ये तो शून्य! पाहुण्याची एक साधी डीसीआर यजमानाचे इंटरप्ट बंद करत होती. मिलिसेकंदाचा टायमर मी इंटरप्टने नाही तर फ्लॅग बघून चालवते, म्हणून वेळ बिघडत नव्हती आणि संशय तिकडे जात नव्हता. पॉप पीएसडब्ल्यूमध्ये सातवा बिट १ करणारी एक सूचना घातली, एक क्लॉक.

वेग मिळवण्यासाठी यजमानाचे फ्लॅग आणि पाहुण्याचे फ्लॅग एकाच रजिस्टरमध्ये ठेवले, त्याची ही किंमत. तरी पद्धत बदलणार नाही.

२६ जुलै

मुलांच्या हातात दिलं. पहिल्याच तासात एकाने सबरूटीनमधून परतायचं विसरून कॉल पुन्हा पुन्हा केला, आणि सुरुवातीला एसपी (स्टॅक पॉइंटर) लावलेला नव्हता. सिरियलवर एक भलतं अक्षर उमटलं, मग सिरियल गप्प, मग सगळा बोर्ड ठप्प.

एसपी ०००० असताना पहिली पुश एफएफएफएफ वर जाते. वरच्या बाइटमध्ये एक मिळवला की तो पत्ता ००एफएफ होतो, आणि होस्टमध्ये तिथे रॅम नाही, चिपची स्वतःची आय-ओ रजिस्टर्स आहेत. स्टॅक खाली सरकत सिरियलच्या रजिस्टरवरून टायमरपर्यंत पोहोचला होता. आता प्रत्येक मेमरी वापरात वरचा बाइट आधी ३एफ ने अँड करते, मग एक मिळवते. सूचनेमागे एक क्लॉक जास्त, पण पाहुणा कुठेही भरकटला तरी आपल्या १६ केबीतच फिरतो. शिवाय २००० च्या खाली लिहिणं अडवलं, नाहीतर मुलं मॉनिटर पुसतात. रीसेटला एसपीही लावून देते.

३ ऑगस्ट

सध्याची स्थिती. डिस्प्लेला मिलिसेकंदामागे एक बाइट जातो, वाट बघण्याच्या वेळात. प्रोग्राम सतत आउट करत असेल तर तो वेळ आउटमध्येच खर्च होतो, आणि मिलिसेकंदाच्या अगदी सुरुवातीला पडलेली कड पंधराएक मायक्रोसेकंद उशिरा येऊ शकते. डीएसी कार्डावर साइन वेव्ह काढताना ते बारकाईने पाहिल्यास दिसतं. ८२५५ चा मोड ० आणि बीएसआर (पोर्ट सी चा एकेक बिट बदलणं) आहे, मोड १ आणि २ नाहीत. ८२५३ टायमर नाही, त्याची दोन प्रॅक्टिकल जुन्या किटवरच.

प्रोग्रॅमर लावताना कार्ड काढून ठेवा. त्याच्या तीन लाइन्स पोर्ट बी वरच आहेत आणि कार्ड लावलेलं असेल तर अपलोड मध्येच अडकतं.

दुसऱ्या बोर्डाचं सोल्डरिंग मामांनी सुरू केलंय. त्यात क्रिस्टल पहिल्यापासून १८.४३२.